परतीच्या डब्याचं वजन

दर गुरुवारी सकाळी नऊच्या बसनं बोरमळ्याचा सहादेव नगरला जायचा आणि संध्याकाळच्या बसनं परत यायचा. त्याला मरून दीड वर्ष झालं होतं. जायचं ते त्याचं कार्ड, आणि त्या कार्डावर प्रवास करायचा तो तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा.

ही युक्ती त्याच्या बायकोची, रतनबाईची. कुणी तिला लबाडी म्हणेल. म्हणू दे. ज्यांनी बसमधला कंडक्टर काढून टाकला आणि त्याच्या जागी दोन दारांना दोन मशिनी ठोकल्या, त्यांना आधी विचारा की बोरमळ्याचा डबा नगरला न्यायचा कुणी? त्यांना हा प्रश्न पडलाच नाही. पडणार कसा? त्यांनी जन्मात बसनं आलेली भाकरी खाल्लेली नाही.

रतनबाईच्या राधूनं खाल्ली होती. पंचवीस वर्षांपूर्वी तो नगरला पॉलिटेक्निकला होता, तारकपूर स्टँडच्या मागे खोली करून राहायचा. तेव्हा सकाळच्या गाडीत माणसं कमी आणि डबे जास्त अशी गत असायची. प्रत्येक थांब्यावर एकदोन आया फडक्यात बांधलेला डबा घेऊन उभ्या. गाडी थांबली की डबा वर करायचा आणि ओरडायचं, "बन्सीभाऊ, राधूचा!" बस्स. वरून एक हात यायचा आणि डबा आत जायचा.

तो हात बन्सी कंडक्टरचा. खांद्याला चामड्याची पिशवी, काखेत तिकिटांची पेटी, आणि डोक्यात तीस-चाळीस डब्यांची यादी. कागदावर एक अक्षर नाही. तारकपूरला पोरं रांग लावून उभी असायची आणि हा गाडीच्या दारातून ज्याचा त्याला देत जायचा. एकदासुद्धा कुणाची मेथी कुणाच्या पोटात गेली नाही. याबद्दल कुणाकडून त्यानं कधी चहासुद्धा घेतला नाही.

आणि संध्याकाळी रिकामे डबे परत आणायचा, तेव्हा त्याची खरी करामत. डबा खाली देताना तो हातातल्या हातात हलकेच तोलायचा.

"रतनबाई, राधूनं आज सगळं खाल्लं बरं का."

डबा न उघडता! घरी जाऊन बघावं तर खरंच, कप्पे चाटूनपुसून साफ. एका पावसाळ्यात मात्र तो डबा हातात धरून थांबला. "आज दीड भाकर तरी परत आलीय. काल बी एक हुती. पोराकडं बघून या." सहादेव तसाच त्याच गाडीच्या परतीच्या फेरीनं गेला. राधूचे डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ. डॉक्टर म्हणाला, अजून दोन दिवस काढले असते तर अवघड होतं. राधू आज चाकणला कंपनीत साहेब आहे, दोन लेकरांचा बाप आहे. रतनबाईच्या लेखी तो बन्सीच्या तळहातानं वाचला.

असा तो बन्सी. रिटायर झाला, बायको गेली, मुलगी सुरतेला, आणि हा तारकपूरच्या मागे एका खोलीत खानावळीचं खात राहिला. सहादेवच्या दहाव्याला आला तेव्हा सदऱ्याच्या आत माणूस आहे की नाही असा दिसत होता. बोलता बोलता म्हणाला, गुरुवारी खानावळ बंद असते, त्या दिवशी केळं खातो. रतनबाईनं ते ऐकलं आणि पुढच्याच गुरुवारी शेंगोळी, भाकरी आणि ठेचा भरून डबा बांधला. डबा तोच, राधूचा. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी त्याचं नाव कोरलेलं.

पण बसमध्ये आता हात कुठं होता? होता फक्त ड्रायव्हर, छगन. तो म्हणाला, "काकू, मी ठेवला आसता. पण डोक्यावर कॅमेरा हाय. बेवारस सामान दिसलं की माझा पगार कापत्यात."

"बेवारस कसं? मी वारस हाय की."

"तुमी बशीत पायजे ना. मशीनला मानूस लागतो."

मशीनला माणूस लागतो. रतनबाई घरी गेली, तिनं देव्हाऱ्याच्या खालचा खण उघडला आणि सहादेवचं कार्ड काढलं. ज्येष्ठ नागरिकाचं, फोटोवालं. ते डब्याच्या फडक्याच्या गाठीत बांधलं. पुढच्या गुरुवारी तिनं ते दाराच्या मशीनला लावलं. हिरवा दिवा लागला आणि मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "स्वागत आहे, सहादेव."

छगननं कपाळाला हात लावला. मग हसला. "बसा तात्या. मागं, खिडकीजवळ."

तारकपूरला बन्सी मागच्या दारानं अर्धा आत वाकायचा, डबा उचलायचा, गाठीतलं कार्ड काढून उतरायच्या मशीनला लावायचा. हे लावणं फार महत्त्वाचं. चढताना लावलं आणि उतरताना विसरलं, तर मशीनच्या मते तुम्ही उतरलाच नाही आणि तुमचं कार्ड बंद. माणूस घरी जेवून झोपलेला असला तरी मशीन म्हणतं, नाही, हा बसमध्येच आहे. आणि वाद घालायला समोर कुणी नाही. तक्रारीचा नंबर आहे, तो लागत नाही. रतनबाई स्वतः दोनदा अशी अडकली होती. डबा मात्र एकदाही अडकला नाही, कारण त्याला उतरवून घेणारा जन्मभराचा कंडक्टर होता. संध्याकाळी तोच रिकामा डबा कार्ड लावून परत चढवायचा, आणि बोरमळ्याला रतनबाई तसाच उतरवून घ्यायची.

वर्षभर हे सुरळीत चाललं. मग उन्हाळ्यात कधीतरी परत आलेला डबा रतनबाईला हाताला जड लागला.

ती ओसरीत तशीच उभी राहिली. उघडला नाही. बन्सी तोलायचा तसा तळहातावर तोलला. अर्धी भाकर. उघडून बघितलं तर खरंच अर्धी. पुढच्या गुरुवारी एक. मग दीड. फोन केला तर बन्सी म्हणायचा, "उन्हाळा हाय रतनबाई, भूक मरती." मृग लागला, गारवा आला, डबा जडच. दीड भाकर म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि नेमका त्याच वेळी चेकर चढला.

तो शेंडी गावच्या थांब्यावर चढला, हे छगननं तिला संध्याकाळी सांगितलं. हातात छोटं मशीन. त्यात प्रवासी तेवीस, बसमध्ये डोकी बावीस.

"सहादेव कोण आहे?"

सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग बोरमळ्याचीच लंकाबाई, जिला गप्प बसणं ठाऊक नाही, ती म्हणाली, "ते काय, खिडकीशी बसल्यात. लई मितभाषी हायेत."

चेकरला विनोद कळत नसतो. त्यासाठी त्याला पगार नाही. त्यानं फडक्याची गाठ सोडून कार्ड जप्त केलं. डबा छगनच्या पायाशी ठेवला आणि पाठवणाऱ्यालाच परत द्यायचा, असं बजावलं. तारकपूरला बन्सीनं हात आत घातला तेव्हा सीट रिकामी होती. आणि संध्याकाळी रतनबाईच्या हातात भरलेला डबा परत आला. सगळा. तिला पेलवेना.

दुसऱ्या दिवशी ती कार्डाच्या ऑफिसात गेली. पाटीवर शहराचं नवं नाव आलंय, पण तिच्या तोंडात अजून नगरच. खिडकीत निकिता नावाची पोरगी बसली होती.

"आजी, कार्डधारकाचं नाव सांगा."

रतनबाईनं पंचेचाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आता तो नसताना तरी का घ्यावं? "पाच पांडवांतले शेवटचे," ती म्हणाली.

निकितानं मागच्या टेबलाकडे बघितलं. "सर, पाच पांडवांतले शेवटचे कोण?" सरांनी मोबाईल काढला. एवढं शिकलेलं ऑफिस, पाच नावांवर अडलं! शेवटी रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं.

"हे ब्लॉक आहे आजी. चालू करायचं तर त्यांना समक्ष यावं लागेल. अंगठा आणि फोटो."

"ते येनार न्हाईत."

"आजारी आहेत का?"

"न्हाई. आता कायबी आजार न्हाई त्यांला."

निकिताला उमगलं. ती वरमली. पोरगी वाईट नव्हती, पण तिच्या कॉम्प्युटरमध्ये त्यासाठी चौकोन नव्हता. "मग तुम्ही स्वतःच डबा घेऊन जा ना," ती हळूच म्हणाली.

तेवढंच तर रतनबाईनं वर्षभर टाळलं होतं. दोन म्हशी, एकटं घर, हे एक. खरं कारण दुसरं. विधवेनं एकट्या पुरुषाला डबा धाडला तर पुण्याई, घेऊन गेली तर बोभाटा. असं आपलं गाव, त्याची घाण झाकण्यात अर्थ नाही. पण तळहातावर दीड भाकरीचं वजन घेऊन ती आठ दिवस झोपली नव्हती. गुरुवारी तिनं म्हशींना वैरण टाकली, शेंगोळी केली, भाकरी दुप्पट थापल्या आणि थांब्यावर जाऊन उभी राहिली.

"आज सोता निघाली जनू?" लंकाबाईनं डोळे बारीक केले. "डब्याला सोबत पायजे का बाईला?"

"दोघांना बी," रतनबाई म्हणाली. "तुला यायचं तर ये, शेंगोळी पुरतील."

लंकाबाईनं पदर तोंडाला लावला.

रतनबाईनं कार्ड लावलं. लाल. "कृपया पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा लावलं. लाल. मागून कुणीतरी करवादलं, "चला की आजी!" तिनं कार्ड पदराला पुसलं, उलटं केलं, सुलटं केलं. ज्या हातांनी सहा महिन्यांच्या राधूला पाटाच्या वाहत्या पाण्यात आंघोळ घातली, ते हात एका प्लॅस्टिकच्या तुकड्यापुढे हरत होते. लाज मशीनला वाटायला पाहिजे, वाटत होती तिला. पाचव्या खेपेला हिरवा लागला. मशीन म्हणालं, "स्वागत आहे, रतनबाई." तिला ते बरं वाटलं नाही. दीड वर्ष त्या दारात दुसरं नाव ऐकायची सवय होती.

ती मागे गेली, खिडकीशी बसली. तात्यांच्या जागेवर. डबा मांडीवर घेतला, त्याची ऊब पोटाला लागत होती.

तारकपूर आलं. खाली बन्सी उभा होता. गेल्या गुरुवारी काही मिळालं नव्हतं, तरी आलाच होता. दाढी वाढलेली, सदरा तोच, आत माणूस आणखी कमी. त्यानं सवयीनं मागच्या दारातून हात आत घातला. रतनबाईला काय झालं कळलं नाही, तिच्या तोंडून निघून गेलं, "बन्सीभाऊ, राधूचा!"

बन्सीचा हात हवेतच थांबला. मग त्यानं डबा घेतला, तोलला.

"लई जड हाय आज."

"दोघांचं हाय."

ती उतरली. बस निघून गेली. स्टँडाबाहेरच्या लिंबाखाली सिमेंटचं बाकडं होतं, तिथं दोघं बसले. रतनबाईनं डब्याला हात लावला नाही.

"आधी सांगा. दीड भाकर परत येती. काय हुतंय तुमाला? डॉक्टरला दाखवलं का? माझ्याशी खोटं बोलायचं न्हाई, हे वजन मी तुमच्याकडनंच शिकलेय."

बन्सी इकडं बघे, तिकडं बघे. येणाऱ्या-जाणाऱ्या बसच्या पाट्या वाचू लागला. शेवटी पोरासारखा तोंड उघडून तिच्याकडे वळला. आत खाली दोन दात होते, वर एकही नव्हता.

"शिमग्यापासनं पडाया लागले," तो पुटपुटला. "भाकर चावत न्हाई."

"आन मला सांगाया काय झालं हुतं?"

"सांगितलं आसतं तर तू भाकर बंद केली आसतीस. चपात्या नायतर खिचडी धाडली आसतीस." त्यानं मान खाली घातली. "खानावळीत चपातीच आसती रोज. तुझी भाकर मी... नुसता वास घ्यायचो पयला."

रतनबाईच्या छातीवरून काहीतरी उतरलं आणि त्याच क्षणी तिला असा राग आला की बस्स. "आठ दिस झोप न्हाई मला! मला वाटलं, कावीळ तरी झाली, नायतर त्याच्याहून वंगाळ! आन हे म्हातारं दातांसाठी लाजतंय!" बोलता बोलता तिनं झाकण काढलं, भाकरी चुरली, इतकी बारीक की वाळूसारखी, वर शेंगोळ्यांचं गरम पाणी ओतलं आणि झाकण लावून ठेवलं. "मुरू द्या. गप बसा तवर."

तेवढ्यात तिच्या मोबाईलवर मेसेज वाजला. बन्सीनं लांब धरून वाचला. "आपण उतरताना कार्ड दाखवले नाही. आपला प्रवास अपूर्ण आहे. कार्ड बंद करण्यात येत आहे." त्यानं वर बघितलं. "इसरलीस की. मशीन म्हनतंय तू आजून गाडीतच हायेस."

"आसू दे तिकडं. गावात कुनी इचारलं तर तेच सांगते, मी उतरलेच न्हाई."

दोघं हसले. कितीतरी दिवसांनी बन्सीचं ते दात नसलेलं तोंड पूर्ण उघडलं.

"जाशील कशी?"

"पाचला ती नवी मोठी गाडी लागलीय ना, लांब पल्ल्याची, कंडक्टरवाली. कागदाचं तिकीट काढीन."

काला मुरला. बन्सी जेवला. सावकाश, डोळे मिटून, बोटं चाटत, मधेच थांबून. रतनबाई पदरानं माशा वारत बसली. एकदा ती म्हणाली, "पुढच्या गुरवारी चुरूनच धाडीन. पन धाडीन कशात, ते बघू." त्यावर बन्सी म्हणाला, पाचच्या गाडीचा कंडक्टर सकाळी बोरमळ्यावरूनच नगरला येतो, ओळखीतला आहे, पोरगा बरा आहे, विचारून बघतो. पोरगा म्हणजे चाळिशीचा.

पाच वाजता त्यानं स्वतः डबा नळाखाली धुतला, फडकं झटकलं, गाठ मारली. कार्ड नसलेली गाठ. गाडी लागली. रतनबाई पायरीवर चढली आणि खाली हात केला. बन्सीनं डबा लगेच दिला नाही. तळहातावर ठेवला, हलकेच वरखाली केला, मान वाकडी करून जुन्या गाडीच्या दारात उभा असल्यासारखा म्हणाला,

"रतनबाई, बन्सीनं आज सगळं खाल्लं बरं का."