मोरचुदाच्या पाण्यात न बुडलेले अकरा थेंब

मित्रांनो, मी बरणी आहे. काठाला टवका उडालेली, झाकण दोनदा बदललेली, काचेची एक जुनी बरणी. लोणच्याची नव्हे. झाशीतल्या एका रक्तपेढीत मी चाळीस वर्षं काढली आहेत आणि माझ्या पोटात मोरचुदाचं निळं पाणी असतं. तुमच्याकडे महाराष्ट्रात द्राक्षांवर फवारतात तोच मोरचूद. इकडे त्याला नीला थोथा म्हणतात.

माझं काम सोपं आहे. रक्त द्यायला आलेल्या माणसाच्या बोटाला टोचतात आणि एक थेंब माझ्या पाण्यात सोडतात. पंधरा सेकंदांत थेंब बुडाला, तर अंगात रक्त पुरेसं आहे, या माणसाचं घ्यायला हरकत नाही. तरंगत राहिला, तर रक्त कमी आहे, त्याला घरी पाठवा. बस्स. तो माणूस साहेब आहे की हमाल, हे मी विचारत नाही. थेंबाला आडनाव नसतं.

माझा जन्म फिरोजाबादच्या भट्टीतला. शेजारच्या भट्टीत बांगड्या व्हायच्या. भित्र्या पुरुषाला लोक म्हणतात ना, ‘हातात बांगड्या भर’? ज्यानं कुणी ही म्हण काढली, त्यानं रक्तपेढीत एक दिवसही काढलेला नसणार. मी काढलेत, म्हणून बोलते.

माझ्या कामाचा इतिहास मात्र माझ्याहून फार जुना आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात लोकांनी कोकराचं रक्त माणसाला चढवून पाहिलं. माणसं दगावली, तेव्हा बंदी आली. पुढे माणसाचं रक्त माणसाला देऊ लागले, तर कुणी जगायचं, कुणी तडफडून मरायचं, आणि का ते कळत नव्हतं. शेवटी व्हिएन्नातल्या एका शास्त्रज्ञानं रक्ताचे गट शोधले, तेव्हा उलगडा झाला. मग रक्त गोठू नये म्हणून त्यात क्षार घालायची युक्ती सापडली. दोन महायुद्धांत हे सगळं झपाट्यानं वाढलं. माझ्या निळ्या पाण्याची परीक्षाही दुसऱ्या महायुद्धातलीच. माणसं मारण्याच्या घाईतून माणसं वाचवायची विद्या पुढे आली, याचा अभिमान बाळगायचा की लाज, ते तुम्ही ठरवा.

मी झाशीला आले तेव्हा रक्त काचेच्या बाटल्यांत भरत आणि बाहेरच्या बाकावर रक्त विकणारे बसत. हो, विकणारे. आठवड्यापूर्वी एका दवाखान्यात दिलं, आज इथे. त्यांचे थेंब माझ्या पाण्यावर पिसासारखे तरंगायचे. आणि टेबलामागचा माणूस माझ्याकडे न बघताच म्हणायचा, ‘‘डूब गया, डूब गया, चलो.’’ मी ओरडून सांगत होते की बुडलेला नाही! पण बरणीचं कोण ऐकतं? पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोर्टाच्या हुकमानं हा बाजार बंद झाला. त्या दिवशी मला वाटलं, आता माझं म्हणणं ऐकलं जाईल.

काही वर्षं ऐकलंही. दामोदर नावाचा तंत्रज्ञ आला. बुंदेलखंडाचा, तोंडात सुपारी, पण हात स्वच्छ. पंचवीस थेंब झाले की माझं पाणी बदलायचा आणि झाकण घट्ट लावायचा. मोठ नावाच्या गावाकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टर उलटला की पहिला फोन त्याला. नवशिक्यांना मला दाखवून तो म्हणायचा, ‘‘ये बुढ़िया झूठ नहीं बोलती.’’ एवढं कौतुक मला चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणी केलं नाही.

आता यंदाच्या एक मेची गोष्ट सांगते. ही सांगण्यासाठीच मी तोंड उघडलं आहे.

झाशीत कारखान्यात नोकरी करणारी मराठी घरं आहेत, बबीन्याच्या छावणीत मराठी फौजी आहेत. त्या सगळ्यांचं एक मंडळ आहे. दर वर्षी एक मेला, महाराष्ट्र दिनाला, ते रक्तदान शिबिर भरवतं. या वर्षी शिबिराला एक कारण होतं आणि त्या कारणाचं नाव तन्वी. वय वर्षं आठ. कारखान्यातल्या महेश आणि ज्ञानदा यांची मुलगी. तिला थॅलेसेमिया आहे, म्हणजे तिच्या शरीरात पुरेसं रक्त तयारच होत नाही. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं. तिचा गट ओ निगेटिव्ह, शंभरात एखाद्याचा. आईबापांचा तिला चालत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, पेढीतले फ्रीज रिकामे. दोन मेला तन्वीला रक्त चढवायचं होतं आणि ओ निगेटिव्हची एकही पिशवी शिल्लक नव्हती.

मंडळाच्या यादीत त्या गटाची दोन माणसं होती. एक अध्यक्ष राजाभाऊ. दुसऱ्या ओरछा गेटजवळ राहणाऱ्या सावित्रीकाकू. काकूंचं घराणं पाच पिढ्या झाशीतलं, त्यामुळे त्यांची मराठी अर्धी हिंदी. पण मंडळाची एक रीत आहे : रक्त पुरुषांनी द्यायचं, बायकांनी पन्हं आणि शिरा करायचा. कारण काय, तर ‘बायकांचं रक्त कमीच असतं’. तपासून नव्हे, तसंच. सत्तावीस वर्षं एकाही बाईचं बोट माझ्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं.

सकाळी नऊला दामोदरनं मला शिबिरातल्या टेबलावर ठेवलं. ताजं पाणी, झाकण बंद. तेवढ्यात राजाभाऊ आले.

‘‘दामोदर भैया, ही निळी बरणी फोटोत काय झकास दिसेल! झाकण काढा. आणि खिडकीत ठेवा, उजेड चांगला आहे.’’

‘‘साहब, ढक्कन रहने दो.’’

‘‘अहो, प्रमुख पाहुणे येतायत. दहा मिनिटांचा प्रश्न आहे.’’

मला झेंडूचा हार घातला आणि उघड्या तोंडानं उन्हात बसवलं. दहा मिनिटांचे साडेतीन तास झाले. पाहुणे साडेबाराला आले. तोवर झाशीची लू, म्हणजे उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, खिडकीतून सरळ माझ्या तोंडात शिरत होता. दामोदर पिशव्यांना चिठ्ठ्या लावण्यात गुंतला आणि मला विसरला. माझ्या पोटातलं पाणी उडत होतं, पण मोरचूद कुठे उडतो? तो तसाच राहिला. पाणी घट्ट झालं. आणि घट्ट पाण्यात चांगलं रक्तसुद्धा तरंगतं.

पाहुण्यांची भाषणं झाली. महाराष्ट्राच्या मातीत बलिदान आहे, वगैरे. मग तपासणी सुरू झाली. पहिला थेंब राजाभाऊंचा. तरंगला.

‘‘अरेरे,’’ राजाभाऊ म्हणाले. मी त्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होते, म्हणून सांगते, इतकं आनंदी ‘अरेरे’ मी आजवर ऐकलेलं नाही. ‘‘इच्छा फार होती हो. पण नाही म्हणतंय, तर काय करणार?’’

दुसरा तरंगला. तिसरा, चौथा, पाचवा. सुमेध नावाचा बबीन्याचा तरुण हवालदार आला, त्याचाही तरंगला.

‘‘असं कसं?’’ तो लालबुंद झाला. ‘‘मी रोज आठ किलोमीटर पळतो!’’

‘‘पळून पळूनच पातळ झालं असेल,’’ मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. सुमेध हसला नाही. तो माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता, जणू मी त्याच्या आईला शिवी दिली असावी.

अकरा माणसं झाली, अकरा थेंब तरंगले. राजाभाऊंनी जाहीर केलं, ‘‘उन्हाळ्यात रक्त पातळ होतं, शास्त्र आहे ते. भावना महत्त्वाची. सगळ्यांना प्रमाणपत्रं देऊन टाकू.’’ रांग पन्ह्याच्या टेबलाकडे वळली.

भिंतीशी ज्ञानदा उभी होती. तन्वीचा हात तिच्या हातात. तन्वीचे ओठ पांढरे पडले होते, रक्त चढवायचा दिवस जवळ आला की पडतात तसे. ज्ञानदा हळूच म्हणाली, ‘‘राजाभाऊ, उद्याचं काय?’’

‘‘होईल काहीतरी. ग्वाल्हेरला फोन लावू.’’

‘‘कालच लावला. नाहीये त्यांच्याकडे.’’

राजाभाऊ घड्याळ बघायला लागले. मित्रांनो, मी काचेची आहे, मला रडता येत नाही. पण त्या क्षणी मला स्वतःला जमिनीवर आपटून घ्यावंसं वाटलं. मी खोटं बोलत होते! आयुष्यात पहिल्यांदा. आणि मला खोटं बोलायला लावणारा हातात प्रमाणपत्रं घेऊन उभा होता.

तेव्हा सावित्रीकाकू आल्या. पन्ह्याचा डाव तसाच हातात.

‘‘दामोदर, माझं बोट टोच.’’

‘‘काकू, बायकांचं नाही घेत आपण,’’ राजाभाऊ म्हणाले. ‘‘आणि इथे पुरुषांचे तरंगले, तिथे तुमचं काय!’’

‘‘तू चुप बैठ रे राजा. तुझं नाही टोचत, माझं टोचतोय.’’

थेंब पडला. तरंगला.

‘‘बघा,’’ राजाभाऊ म्हणाले.

‘‘बघतेच आहे.’’ काकू खाली वाकल्या. त्यांचं नाक माझ्या काचेला लागलं. ‘‘गेल्याच आठवड्यात माझ्या शाळेत आम्हा सगळ्या शिक्षिकांची तपासणी झाली. माझं हिमोग्लोबिन तेरा आलं. मैं बीमार नहीं हूँ. ही बरणी बीमार आहे. दामोदर, सकाळी पाणी कुठवर होतं?’’

दामोदरनं बघितलं आणि त्याचं सुपारी चघळणं थांबलं. माझ्या काचेवर निळी रेघ वाळली होती. पाणी त्या रेघेच्या खाली, चांगलं अर्धं बोट.

‘‘माझ्या पन्ह्याच्या पातेल्यावर सकाळपासून ओलं फडकं बांधलंय,’’ काकू म्हणाल्या. ‘‘या वाऱ्यात पन्हं उघडं ठेवलं तर दुपारपर्यंत चाशनी होते. मिठाचं पाणी घट्ट झालं की त्यात अंडं तरंगतं, हे स्वयंपाकघरातल्या पोरीला कळतं. अकरा धट्टेकट्टे गडी तरंगले आणि तुमच्यातल्या एकाच्या डोक्यात आलं नाही? की आलं होतं, पण सोयीचं होतं?’’

दामोदरनं कान धरले. ‘‘हओ जिज्जी, गलती मेरी है. ढक्कन मुझे देखना था.’’

चूक कबूल करणारा माणूस मला आवडतो. त्यानं मला रिकामं केलं, धुतलं, हार काढून फेकला. पेढीच्या गाडीतल्या बंद बाटलीतून ताजं पाणी भरलं आणि पहिला थेंब स्वतःचा टाकला. आदल्याच महिन्यात मोजलेलं त्याचं रक्त चांगलं होतं. थेंब सुईसारखा सरळ तळाला गेला.

‘‘अब आओ,’’ दामोदर म्हणाला. ‘‘सब वापस आओ.’’

सुमेध पन्ह्याचा पेला ठेवून धावत आला. त्याचा थेंब असा बुडाला की त्याच्या तोंडावर सकाळ झाली. अकरांपैकी नऊ जणांचे थेंब बुडाले. दोघांचे खरंच तरंगले, त्यांना औषधाची चिठ्ठी मिळाली. उरलेल्या नऊ जणांपैकी सहा जणांनी रक्त दिलं. दोघांना एकाएकी कामं आठवली. आणि नववे राजाभाऊ. त्यांचा थेंब सगळ्यांत झटकन बुडाला. ते खाटेवर आडवे झाले, बाही वर केली, फोटो काढून घेतला. मग म्हणाले, ‘‘पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडून आलोच.’’

अजून यायचे आहेत.

काकूंचा थेंबही बुडाला. खाटेवर झोपताना त्यांनी हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि बजावलं, ‘‘जल्दी कर, शिरा जळेल.’’ पिशवी भरत असताना तन्वी खाटेशी आली.

‘‘काकू, दुखतंय?’’

‘‘हट्! मुंगी चावली ग. तुला तर दर महिन्याला चावते. तू रडतेस का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मी कशाला रडू?’’

संध्याकाळी तपासण्या झाल्या, पिशवी निर्दोष निघाली. दोन मेला दुपारी दामोदर वॉर्डातून परतला आणि मला पुसता पुसता म्हणाला, ‘‘लग गया बिटिया को. होंठ लाल हो गए.’’ मला सांगितलं त्यानं. बरणीला.

पुढच्या आठवड्यात मंडळाचं पत्र आलं : रक्तपेढीची उपकरणं जुनाट आहेत, त्यामुळे शिबिरात गोंधळ झाला, ती बदलावीत. खाली राजाभाऊंची सही. पेढीनं बोट टोचून आकडा दाखवणारं इवलंसं यंत्र मागवलं आहे. यंत्र चांगलं आहे, मी त्याचा दुस्वास करत नाही. मला कपाटात ठेवतील, ठेवू देत. पण गोंधळ माझ्यामुळे झाला, हे मी ऐकून घेणार नाही. बरणी जुनी असल्यानं कुणाचं रक्त अडलं नाही. झाकण फोटोसाठी काढलं आणि रांगेतल्या बहुतेकांना सबब गोड लागली, म्हणून अडलं. त्या यंत्रालाही उन्हात ठेवून हार घाला, बघू काय आकडा दाखवतं ते.

मित्रांनो, तुमच्या हाती जी वस्तू असेल ती ज्या कामाची आहे त्या कामाला वापरा, तिची निगा राखा, आणि तिनं चुकीचं उत्तर दिलं तर आधी स्वतःचे हात तपासा. हे झालं वस्तूंचं. रक्ताचं त्याहून सोपं आहे. इतकी शास्त्रं पुढे गेली, पण रक्ताचा कारखाना अजून कुणाला काढता आलेला नाही. ते माणसाच्या अंगातच होतं आणि मागायचं ते माणसाकडेच.

तुम्ही लहान आहात. अठरा पूर्ण झाल्याशिवाय तुमचं कुणी घेणार नाही. पण विचारता तर येतं ना? आज जेवताना घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारा, तुम्ही रक्त शेवटचं कधी दिलं? त्यांची उत्तरं नीट ऐका. ‘अशक्तपणा येतो’, ‘वेळच नाही मिळत’, ‘आमच्याकडे बायका देत नाहीत’. ऐका आणि सोडू नका. पुन्हा विचारा.

कारण तेवीस मेला तन्वीला पुन्हा रक्त चढवायचं आहे. सावित्रीकाकूंना चार महिने देता येणार नाही. फ्रीजमध्ये ओ निगेटिव्हचा कप्पा आज दुपारीही रिकामा आहे. दामोदरनं राजाभाऊंना तीनदा फोन लावला आहे. चौथ्यांदा लावतो आहे. घंटी वाजते आहे.