मारुतीचं तेल

"मेंदूच्या लहरींच्या कागदावर आजार निघाला त नांदवीन, नाही त ढोंगच समजीन," तिरोडीच्या जावयाने बजावलं होतं. म्हणून गोदाबाईने चार महिने तोंडातून शब्द न काढलेल्या शेवंताला बालाघाटहून नागपूरच्या दवाखान्यात आणलं. निघताना शनिवारच्या नेमाने मारुतीच्या दिव्यातलं तेल लेकीच्या टाळूवर जिरवलं.

"तेलावर लहरी मोजायच्या तारा कशा चिकटतील, बाई? केस धुऊन आणा. दुपारी मशीन बंद होते," मशीनवरचा माणूस खेकसला.

नळाखाली साबण चोळताना गोदाबाई मारुतीची क्षमा मागत होती. तेल काही सुटेना.

"राहू दे वो माय," शेवंता एकदम बोलली. "मले जगावंसंच वाटत नाही."

"हे जावयाले सांगशील, बाई?" गोदाबाईने साबण खाली ठेवत विचारलं.

"कागदाबिगर कोन मानते?"

गोदाबाईने पुन्हा साबण उचलला.