गाउदेन्झिओची चौदा खोल्यांची ऊब

"सांगून कोणाला पटायचं नाही, बाई, पण या चौदाही खोल्या ही एकच शेगडी तापवते," म्हातारा गाउदेन्झिओ म्हणाला. बर्फ पडायच्या आत वरचा मजला भाड्याने गेला नाही, तर आख्खा हिवाळा भिंतींशी गप्पा मारण्यात जाणार, हे त्याला ठाऊक होतं.

आल्प्समधल्या या गावच्या शाळेत नव्याने आलेल्या ओर्नेल्लाबाई वाकून शेगडीच्या काचेतून बघू लागल्या. दाबलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्या टपटप आत पडत होत्या.

"वरपर्यंत ऊब जाते कशी?"

"जिन्याने, आपल्या पायांनी. माळ्यावरचं चीज घाम पुसत बसलेलं असतं."

"आणि एक पोतं पुरतं किती दिवस?"

"आठवडाभर. पाहुणे असले की दहा दिवस, माणसांचीही ऊब असते ना." म्हाताऱ्याला चेव चढला. "गेल्या जानेवारीत तीन दिवस गावात वीज नव्हती. सगळे कुडकुडत होते, आणि मी इथे बनियनवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा घोटत होतो."

ओर्नेल्लाबाई सरळ उभ्या राहिल्या.

"आजोबा, गोळ्या आत ढकलणारा स्क्रू विजेवर फिरतो. आमच्या घरी हीच शेगडी आहे. खोल्या घेते मी, पण खरं सांगा, ते तीन दिवस कोणाच्या चुलीपाशी काढलेत?"