बाटलीतलं मीठ

"मावशी, मीठ टाकायच्या आधीच हे दुधावानी कावून झालं?" दहावीतल्या संस्कृतीनं चंचुपात्र वर धरलं.

मनकर्णाबाईंच्या हातातला फडका हातातच राहिला. सिल्व्हर नायट्रेटचे खडे पाण्यात विरघळले की पाणी नितळ राहतं. त्यात मिठाचं पाणी पडलं की मग पांढरा साका धरतो. पुस्तकात त्याला अवक्षेपण म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं परीक्षानळ्या घासताना बाईंनी तो साका इतक्यांदा धुतला होता, की नावाची गरजच नव्हती.

शेजारच्या टेबलांवर सगळं ठीक चाललं होतं. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात खिळा तांबूस झाला होता. आम्लात थेंब थेंब अल्कली सोडून पोरं लिटमसकडं डोळे लावून बसली होती. बिघाड फक्त या चंचुपात्रात होता.

विज्ञानाचे सतीश सर आले. त्यांनी खड्यांची तपकिरी बाटली उघडली, आत पाहिलं, मग बाईंकडं पाहिलं.

"बाई, यात मीठ मिसळलंय कुणीतरी. अर्धा माल काढायचा न् तेवढं मीठ भरायचं. दिसायला सारखंच."

"कोन मिसळंल सर?"

"कपाटाची चावी कुणाकडं असती?"

"माझ्याकडंच हाय की."

"आन् तुमचा भाचा केजला सराफाकडं हाय ना?" सरांनी आवाज खाली आणला, पण पोरांना ऐकू जायचं ते गेलंच. "यात चांदी असती. त्यो काढत आसंल."

मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. कीर्तनात बुवांनी पापपुण्याचा विषय काढावा आणि सगळ्यांनी शेजाऱ्याकडं बघावं, तशी पोरं बाईंकडं बघत होती. बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि चोर हा शब्द आता फक्त कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडायचा होता.

तेवढ्यात मुख्याध्यापक सुंदरराव सर दारात आले. कपाळाला बुक्का, सदऱ्याच्या खिशात जपमाळ. गावचा हरिनाम सप्ताह त्यांच्याच खांद्यावर चाले. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मनकर्णाबाई, खरं सांगा. आमी कुनाला बाहेर बोलणार न्हाई."

हे मात्र बाईंना लागलं. रोज रात्री कीर्तनाला एकाच मंडपात बसणारा माणूस!

त्यांनी कोपऱ्यातली थेंबाची जुनी बाटली आणली. "सर, ह्ये मागच्या म्हैन्यातलं द्रावण. ह्याच खड्यांचं. बघा, कसं नितळ हाय." प्रयोगाच्या डिस्टिल वॉटरच्या कॅनमधलं पाणी त्यांनी कोऱ्या नळीत घेतलं आणि वरून दोन थेंब सोडले. नळी दुधाळ झाली.

"आता ह्यात मीठ कुटनं आलं?"

सतीश सर नळी उजेडात धरून बघत राहिले. "पाण्यात क्षार हायेत," ते हळूच म्हणाले. "पण डिस्टिल वॉटरात कसे येतील?"

"तुमीच जावा. बॅटरीच्या दुकानातनं सीलबंद बाटली आणा. मी न्हाई शिवणार. मी आणली तर पुन्ना माझ्यावरच याचं."

सर मोटारसायकलवर गेले आणि पंधरा मिनिटांत आले. तेवढा वेळ बाई भिंतीला पाठ लावून, हात पुढं धरून उभ्या होत्या. सरांनी स्वतः सील तोडलं, स्वतः खडा टाकला. खडा विरघळला. पाणी नितळच राहिलं.

"खडे चोख हायेत," सर म्हणाले. "पाणी बदललंय. कॅन कुणी हलवला?"

इतका वेळ खुर्चीत बसलेले सुंदरराव सर हात टेकून उभे राहिले.

"मी नेला," ते म्हणाले. "परवा सकाळी बघितलं, तर सप्ताहाच्या इन्व्हर्टरची बॅटरी कोरडी पडलेली. माझ्याकडच्या दुसऱ्या चावीनं कपाट उघडलं. रिकामा कॅन कसा परत ठेवायचा, म्हनून बोअरचं भरलं. मला वाटलं, पाणीच तर हाय."

बाईंना परवाची रात्र आठवली. लाइट जाऊनही माइक बंद पडला नाही. बुवांचा शेवटचा अभंग मंडपाच्या टोकापर्यंत ऐकू आला. आपण डोळे पुसले होते. पांडुरंगाची कृपा, असं शेजारणीला म्हणालोही होतो.

सुंदरराव सरांनी हात जोडले. "बाई, माझी चूक. मी तुमच्यावर…"

"असू द्या सर," बाई म्हणाल्या. "कीर्तन लई चांगलं झालं त्या दिवशी." आणि चंचुपात्र धुवायला घेतलं.

सतीश सर काहीतरी बोलायला आले होते. बाईंनी नळ मोठा सोडल्यामुळं त्यांचं ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला सरांनी मोरचूद मागितला. बाई कपाटासमोर थांबल्या. चावी हातात होती, पण कुलूप उघडलं नाही.

"उघडा ना बाई. पोरं थांबल्यात."

"या की सर, इकडं. तुमी हितं हुबं ऱ्हावा."

सर जवळ येऊन उभे राहीपर्यंत त्यांनी चावी फिरवली नाही. पुढचे चार महिने त्यांनी ते कपाट एकदाही एकटीनं उघडलं नाही.