बाईपणाची शिकवणी

दिग्दर्शक कुरिमोतोंचं स्पष्ट मत होतं की त्सुरुए बाईसारखी वाटत नाही. ती मुळात बाईच होती, पण एवढ्यावर त्यांचं भागत नव्हतं. तोक्योच्या मूकपटांत आजवर बायका रंगवल्या त्या पुरुषांनी, आणि त्यांतले सगळ्यांत नावाजलेले कोमानोजो याच स्टुडिओत होते. पण हल्ली कॅमेरा तोंडाजवळ यायला लागला होता आणि दुपारनंतर कोमानोजोंची दाढी पावडरीतून डोकं वर काढायची. म्हणून टेलिफोन ऑफिसातून ही पोरगी उचलून आणली. शनिवारपर्यंत तिला जमलं नाही, तर भूमिका परत कोमानोजोंची. आणि तिला शिकवायचं कोणी? कोमानोजोंनीच.

त्यांनी शिकवलं मात्र इमानेइतबारे. ऐसपैस मांडी घालून, सिगरेट ओढत ते म्हणाले, "गुडघ्यांत हा कागद धर आणि चाल. पडला तर तू बाई नाहीस."

कागद पडला.

"आईनं काही शिकवलं नाही का गं?"

"आई पाठीवर मासळीची टोपली घेऊन चालायची, गुरुजी. गुडघे जुळवले असते तर तोंडावर आपटली असती."

"मग तीही बाई नाही," म्हणत कोमानोजोंनी कागद पुन्हा तिच्या हातात दिला. त्सुरुए चालतच राहिली. टेलिफोनच्या त्या खुर्चीवर तिला परत जायचं नव्हतं.

शनिवारी प्रसंग होता तो नवरा बायकोला हाकलतो त्याचा. बायकोनं पाय धरायचे, बाही दातांत धरून रडायचं. त्सुरुएनं पाय धरले. मग काय झालं कोण जाणे, तिला भयंकर राग आला. ती उठली, भाताचं लाकडी भांडं काखोटीला मारलं आणि ताठ मानेनं दाराबाहेर गेली.

"भाताचं भांडं?" कुरिमोतो किंचाळायचेच बाकी होते. "कुठली बाई असं करते?"

"माझ्या आईनं केलं होतं. रात्री भूक लागणारच होती आम्हाला."

कुरिमोतो कोमानोजोंकडे वळले. "गुरुजी, तुम्हीच सांगा हिला. बाई असं करेल?"

कोमानोजोंनी नुसती नकारार्थी मान हलवली असती, तरी भूमिका त्यांची होती. त्सुरुएला ते कळत होतं. बाई कशी असते यावर पंचवीस वर्षं अधिकारानं बोलणाऱ्या त्या माणसानं तिच्या काखेतल्या भांड्याकडे पाहिलं.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "मी कुठे बाई आहे?"