उणे ऐंशी अंशांतली सोबत

मी एक जुना फ्रीझर आहे, मित्रांनो. माझ्यात कधी मासे राहिले नाहीत की बर्फाचे गोळे. शून्याखाली ऐंशी अंश ही माझी थंडी. युगांडातल्या कंपाला शहरात, एका प्रयोगशाळेत चौदा वर्षे मी प्लेगच्या जंतूचे विष सांभाळले. जंतू नव्हे, त्याने बनवलेले प्रथिन फक्त. इतक्या थंडीत राहिले की हळूहळू काही वाटेनासे होते.

ते विष लेतारूचे होते. ती दूरच्या अरुआ गावाकडची. मक्याच्या सुगीत तिचा भाऊ प्लेगने गेला, तेव्हापासून ती या विषाचा आकार शोधत होती. आकार कळायचा तर आधी त्याचे स्फटिक हवेत. पण एकटे विष नळीत ठेवले की नासल्या दुधासारखे फुटायचे. जंतूच्या पोटात त्याला एक छोटे सोबती प्रथिन धरून ठेवते, गोळा होऊ देत नाही. पाच वर्षांनी लेतारूने दोघांना एकत्रच बनवले. चाळीस नळ्या भरल्या. पाणी नितळ राहिले.

माझी देखभाल सालोंगो काबुये करायचे. दर शुक्रवारी दाराच्या कडेचे हिम खरवडायचे. ते निवृत्त झाले, केक कापला गेला, टाळ्या वाजल्या. खरवडणे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

हिम वाढले. एका शनिवारी दार नीट बसले नाही. माझा गजर केव्हाच मुका झाला होता. सोमवारी सकाळी लेतारू आली, तेव्हा माझ्या पायाशी पाणी होते.

तिने फोन केला. सालोंगो बोडाबोडावर, भाड्याच्या मोटारसायकलवर, बसून आले.

"रडलीस का, मुली?"

"नाही. भाऊ गेला तेव्हाही नाही रडले. आत सगळं बधिर झालंय, सालोंगो."

"मग हात तरी हलव. फेकायच्या आधी एकेक नळी उजेडात धरू."

"काय उरणार आहे त्यात?"

"ते बघितल्यावर कळेल. शहाणपण नंतर शिकव मला."

एकट्या विषाच्या सगळ्या नळ्यांत ते दुधासारखे फुटले होते. जोडीच्या चाळीसपैकी तीन नितळ निघाल्या.

त्या तिघींतल्या एकीतून स्फटिक आले. परदेशातल्या यंत्रावर त्यांचे क्ष-किरण चित्र निघाले: विषाचा लांब धागा आणि त्याला कवटाळून बसलेला सोबती. लेतारूने ते बराच वेळ पाहिले. हसली नाही. सालोंगोंना फोन लावून एवढंच म्हणाली, "दिसला." मग बाहेर जाऊन मातोके, शिजवलेली कच्ची केळी, जेवली. चित्राची वाट बघण्यात तीन दिवस तिच्या पोटात अन्न गेले नव्हते.

आता माझी तार काढली आहे. माझ्यात हातमोज्यांचे खोके असतात. दुःख म्हणाल तर तेही जाणवत नाही.

मित्रांनो, यंत्राचे दार पुसा, रबर तपासा. आणि कुणी काम सोडून जात असेल तर केक कापण्याआधी त्याच्याजवळ बसा. तो कुणी न सांगता काय काय करत होता, ते विचारून लिहून घ्या.