सातव्या चुडावरची अळी

गुणवंतरावांच्या धानाच्या बांधीत दिव्यानीनं बांबूच्या वीस कमच्या रोवल्या होत्या. प्रत्येक कमचीला लाल फीत, आणि तिच्या बुडाशी धानाचा एक चूड, म्हणजे एका ठिकाणी रोवलेली दोन-तीन रोपं. कृषी महाविद्यालयातली, कोरपन्याच्या कापसात वाढलेली ही पोरगी दर मंगळवारी स्कूटीवर येऊन आपल्या अभ्यास-प्रकल्पासाठी त्या वीस चुडांवरच्या अळ्या मोजायची. अट एकच: इथं फवारणी नाही. किडे येतील ते येऊ द्यायचे.

शेजारचा मंगरू रोज दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून विचारायचा, "भाऊ, किड्याइची पंगत बसवली का? आमच्या बांधीतलेबी पाठवू का जेवाले?"

गुणवंतराव कीर्तनवेडे. सप्ताहात पहिल्या रांगेत टाळ घेऊन बसणार आणि आख्यान रंगलं की खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसणार. खऱ्या सेवेचा गवगवा करू नये, असं गेल्या सप्ताहात बुवा बोलले, ते त्यांच्या काळजात जाऊन बसलं होतं. आणि मनानं त्यांनी धरून घेतलं की किडे जास्त निघाले तर पोरगी नापास. मग काय! दर मंगळवारी तांबडं फुटताच स्वारी चिखलात. ओठांवर अभंग, हातात लोटा. वीसही चुडांची पानं उलगडून एकेक अळी वेचायची आणि मिठाच्या पाण्यात सोडायची.

चौथ्या मंगळवारी दिव्यानी वही घेऊन धुऱ्यावर मटकन बसली.

"भाऊ, हे काय होऊन राह्यलं? आजूबाजूचं धान खाल्लेलं, आन् माह्या वीस चुडांवर एक अळी नाई! शुक्रवारी सर येऊन राह्यले. म्हणतील, पोरीनं घरी बसून आकडे लिहिले. मंग पुढच्या खरिपापर्यंत थांबा लागंल मले."

गुणवंतरावांपुढं पेच पडला. सांगावं तर लाज, न सांगावं तर पाप. त्यांनी तिसरीच वाट धरली.

शुक्रवारी सकाळी ते मंगरूच्या बांधीत वाकलेले.

"काय शोधून राह्यले, भाऊ?"

"अळ्या पाह्यजे बाप्पा, थोड्या."

"थोड्या काऊन? चुंगडीभर न्या!"

एकोणीस चुडांवर अळ्या बसवून झाल्या. सातवा राहिला, तोच वळणावर सरांची जीप वाजली. गुणवंतराव विहिरीकडे धावले, तिथल्या लिंबूच्या झाडावरची एक गलेलठ्ठ अळी उचलली आणि सातव्यावर ठेवली. हिरवी ती हिरवी!

सरांबरोबर आलेली दिव्यानी मोजू लागली. दोन, एक, तीन... पोरीचा चेहरा उजळत चालला. सातव्या चुडावर मात्र ती थबकली. पेन्सिलीचं टोक लावताच अळीनं डोक्यातून दोन लाल शिंगं बाहेर काढली आणि असा वास सोडला की सरांनी रुमालच नाकाला लावला.

"ही लिंबावरची अळी," सर म्हणाले. "धानाला ती तोंडही लावत नाही. इथे कशी आली?"

धुऱ्यावर मंगरूनं दुपट्टा तोंडात कोंबला.

सरांनी वही मागितली. आधीचे चार मंगळवार, शून्यच शून्य. आज अळ्याच अळ्या. "दिव्यानी, हे आकडे रचलेत का?"

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाहून गुणवंतराव धोतरासकट चिखलात उतरले आणि हात जोडून उभे राहिले.

"साहेब, पोरगी खरी हाय. लबाडी माही." आणि लोट्यापासून लिंबूपर्यंत सगळं सांगून टाकलं, मध्ये श्वाससुद्धा न घेता.

सरांनी वही मिटली. मग हसू दाबताना त्यांचे खांदे हलू लागले. "वेचलेल्या अळ्या मोजल्या होत्या का?"

"नाई जी. सेवा मोजत नाईत."

"मग हे चार मंगळवार आणि आजचे आकडेही खोड. नवे वीस चूड निवड, दिव्यानी. पाच आठवडे हातात आहेत, पुरतील. पण यांचा बंदोबस्त तू कर."

दिव्यानीनं तो केला. "भाऊ, आता मोजाले तुमी माह्यासंग. पण हात पाठीमागं."

पुढच्या मंगळवारी गुणवंतराव हात मागं बांधून बांधीत उभे होते. नाकासमोर एक अळी पान कुरतडत होती. त्यांची बोटं एकमेकांत वळवळली, पण सुटली नाहीत.

"किती, भाऊ?"

"तीन," ते कसेबसे बोलले. "आन् चवथी येऊन राह्यली. ये बाई, ये."

"आल्यावर लिहू," दिव्यानी म्हणाली आणि तीनच लिहिल्या.